दिंडीतला चष्मा

चष्मा वारकऱ्याला नवा नाही. कोणत्याही गावच्या सप्ताहात सकाळी पारायणाच्या मंडपात डोकावून पाहावे. पुढ्यात ग्रंथ घेऊन मांडी घालून बसलेली माणसे, आणि निम्म्याहून अधिक नाकांवर चाळिशी. कुणाची एक काडी मोडलेली, तिच्या जागी दोरा बांधलेला. कुणी शेजाऱ्याचाच चष्मा एका अध्यायापुरता मागून घेतलेला. डोळा थकला की काचेची मदत घ्यावी, याला परमार्थात कधी कोणी हरकत घेतली नाही. घेण्याचे कारणही नव्हते. त्या काचेतून अक्षर स्पष्ट दिसते, आणि चष्मा काढून ठेवला की काचेत काही उरत नाही.

आता जो चष्मा बाजारात आला आहे त्याची गोष्ट वेगळी आहे. तो पाहतो, ऐकतो, बोलतो आणि पाहिलेले ठेवूनही घेतो. त्याला स्मार्ट चष्मा म्हणतात. असला विषय आपल्या अंकात कशाला, असे काही माउलींना वाटेल. पण गेल्या वारीत आमच्या दिंडीत असा एक चष्मा आला आणि त्यावरून दोन मुक्काम चर्चा चालली. ती चर्चा यंत्राविषयी फार थोडी होती. आपण एकमेकांकडे कोणत्या नजरेने पाहायचे, आणि ज्याच्याकडे पाहिले त्याचे पाहणाऱ्यावर काही ऋण असते की नाही, या प्रश्नाभोवती ती फिरत राहिली. म्हणून लिहीत आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. २०१२ साली गूगल कंपनीने असा पहिला गाजलेला चष्मा जगापुढे आणला. उजव्या डोळ्याच्या वर एक छोटा लोलक आणि शेजारी कॅमेरा. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत निवडक लोकांना १५०० डॉलरला मिळू लागला. लोकांना तो रुचला नाही. समोरचा माणूस आपल्याशी बोलतो आहे की आपले चित्रण करतो आहे, हे कळेना. काही उपाहारगृहांनी तर हा चष्मा घालून आत येऊ नये असे सांगून टाकले. जानेवारी २०१५ मध्ये ती विक्री बंद झाली. पुढे काही वर्षे कारखान्यांसाठी त्याचा वेगळा प्रकार निघत होता, तोही २०२३ मध्ये थांबला.

गूगलचा चष्मा दिसायला विचित्र होता, त्यामुळे लोक दुरूनच सावध होत. नंतर येणाऱ्यांनी ही अडचण बरोबर ओळखली. फेसबुक चालवणाऱ्या कंपनीने, तिचे आताचे नाव मेटा, रे-बॅन हे जुने नावाजलेले चष्मे बनवणाऱ्यांशी भागीदारी केली आणि २०२१ मध्ये नेहमीच्या काळ्या फ्रेमसारखाच दिसणारा चष्मा काढला. २०२३ मध्ये त्याचा सुधारलेला प्रकार आला, आणि मे २०२५ मध्ये तो भारतात २९,९०० रुपयांपासून पुढच्या किमतीला विकायला आला. वजन सुमारे ५० ग्रॅम. फ्रेमच्या एका कोपऱ्यात कॅमेरा, काड्यांमध्ये कानाजवळ बारीक स्पीकर, आणि आवाज टिपणारे माइक. काडीवरचे बटण दाबले की फोटो निघतो, तोंडाने सांगितले तरी निघतो. समोर जे दिसते ते काय आहे असे विचारले, तर चष्मा फोनमार्फत कंपनीच्या संगणकाकडून उत्तर आणतो आणि कानात सांगतो. चित्रण चालू असले की फ्रेमच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक बारीक पांढरा दिवा लागतो. या दिव्याकडे पुढे यायचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काचेतच अक्षरे उमटणारा प्रकारही अमेरिकेत आला. चोरून चित्रण करणारे स्वस्त चष्मे तर त्याआधीपासूनच मिळतात.

याची ओढ लोकांना का वाटते, ते न पाहता नावे ठेवणे सोपे आहे. पण ओढ खरी आहे. दोन्ही हात कामात गुंतलेल्या माणसाचा विचार करा. इंजिनखाली आडवा झालेला मेकॅनिक, कडेवर लेकरू घेऊन रस्ता शोधणारी आई, परमुलखात पाटी वाचता न येणारा प्रवासी. यांना कानात कोणी दोन शब्द सांगितले तर बरेच आहे. आणखी एक युक्तिवाद मला त्या चष्मेवाल्या तरुणानेच ऐकवला. तो म्हणाला, "बाबा, फोनने आमच्या माना खाली घातल्या. निदान या चष्म्याने मान वर राहते. मी कीर्तनाला बसलो तर महाराजांकडे बघतो तरी!" हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मान खाली घालून बसलेली तरुण मुले आपण घरोघरी पाहतो.

पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक ओढ आहे, ती फार जुनी आहे. आवडलेले हातून निसटू नये असे माणसाला वाटते. नातवाचे पहिले पाऊल, रिंगणात अश्व धावतो तो क्षण, शेवटच्या आजारात आईने आपल्याकडे पाहिले ते पाहणे. हे सगळे क्षण असे येतात की फोन काढेपर्यंत सरलेले असतात. चष्मा मात्र डोळ्यावरच असतो. ज्याने तो घेतला, त्याच्या मनात बहुतेक वेळा ही अशी माया असते. वाईट हेतूची माणसे थोडी. तसे नसते तर हा प्रश्न सोपा झाला असता.

आता दिंडीत काय घडले ते सांगतो. पुण्याकडचा एक तरुण आजोबांच्या जागी पहिल्यांदाच वारीला आला होता. मुलगा गुणी, टाळ धरायला दोन दिवसांत शिकला. डोळ्यावर काळ्या फ्रेमचा चष्मा. तो कसला आहे हे कोणाला कळायचे कारण नव्हते. पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर एका दुपारी चालता चालता त्याने चष्म्याला काहीतरी विचारले. शेजारच्याला वाटले हा एकटाच बोलतो. विचारपूस झाली, त्याने भाबडेपणाने सगळे सांगितले, आणि विसाव्याला बसेपर्यंत ही बातमी दिंडीच्या बायकांपर्यंत पोहोचली. त्यांतल्या एका वयस्क माउलीने त्याला सर्वांसमोर विचारले, "काल आम्ही टँकरवर आंघोळीला गेलो होतो, तवा तू कुठं होतास रं?"

तो तेव्हा चहाच्या टपरीवर होता. पाच जणांनी साक्ष दिली. त्याने फोन उघडून सगळे फोटो दाखवले. पखवाज होता, पाऊस होता, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका पाठमोऱ्या होत्या, दुसरे काही नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंनाही वाईट वाटले. पण प्रश्न मागे घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर होते. "तू नाही काढलंस, मान्य. पण काढलं असतंस तर मला कसं कळलं असतं?"

ज्यांनी पायी वारी केली आहे त्यांना या प्रश्नाचे वजन सांगायला नको. वारीत हजारो बायका उघड्यावर राहतात. पहाटे अंधारात टँकरच्या नळाखाली, विहिरीवर, कालव्यावर आंघोळी होतात. दोघी जणी लुगडे धरून उभ्या राहतात आणि तिसरी कपडे बदलते. रात्री शाळेच्या ओसरीवर, तंबूत, कधी रस्त्याच्या कडेला अंग टाकतात. चार काठ्या आणि एक ताडपत्री एवढाच आडोसा. तो पुरतो, कारण आसपासचे पुरुष मान फिरवतात. कोणी शिकवत नाही, कोठे पाटी नाही. नवा माणूस जुन्याचे पाहून तोंड दुसरीकडे करतो. या फिरवलेल्या मानेवर वारी चालली आहे. लेकीसुनांना घरच्यांनी निर्धास्तपणे वारीला पाठवावे, हे तिच्याच बळावर.

आता फिरवलेल्या मानेची खात्री दुसऱ्याला कशाने पटते? ती दिसते म्हणून. फोनही दिसतो. कोणी फोन उचलून समोर धरला की तो हात म्हणजेच एक विचारणा असते. समोरचीला पदर सावरता येतो, तोंड वळवता येते, नको म्हणता येते, हसताही येते. कित्येक आज्या फोटोवाल्या पोराला "थांब, टोपलं नीट धरू दे" असे म्हणतात. चष्मा ही विचारणाच काढून घेतो. पाहणे आणि टिपणे यांतला फरक बाहेरून दिसेनासा होतो, आणि मग साध्या पाहण्यावरही संशय येतो. त्या मुलावर आला तसा. त्याने काही केले नसताना त्याचे दोन निर्मळ डोळे संशयित ठरले, हे नुकसान त्याचेही आहे.

कंपनी म्हणते, दिवा लागतो की! लागतो, हे खरे. पण आषाढातल्या दुपारी मोहरीएवढा पांढरा दिवा दहा हातांवरून कोणाला दिसणार? दिसला तरी त्याचा अर्थ काय, हे परभणीहून चालत आलेल्या सत्तर वर्षांच्या माउलीला कोणी सांगितले आहे? सूचना द्यायची ती समजेल अशी द्यावी लागते. दिवा झाकला तर चित्रण होत नाही अशी सोय कंपनीने ठेवली आहे. ती चांगली आहे. परंतु पैसे घेऊन तो दिवा निकामी करून देणारे लोकही निघाल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. त्याच्या आदल्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी असाच चष्मा घालून एक प्रयोग दाखवला. रस्त्यातल्या अनोळखी माणसाचा चेहरा चष्म्याने टिपायचा, इंटरनेटवर चेहरे जुळवणाऱ्या सेवेला द्यायचा, आणि थोड्याच वेळात त्याचे नाव, पत्ता, नातेवाईक हाती यायचे. धोका लोकांना कळावा म्हणून त्यांनी हे केले, आणि आपली सामग्री कोणाला दिली नाही. पण होऊ शकते, एवढे सिद्ध झाले.

कायदा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाने स्त्रीचे खासगी अवस्थेतले चित्रण करणे आणि पसरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षे कैद आहे. मात्र त्या कलमात जागेचा विचार येतो. जिथे खासगीपणाची रास्त अपेक्षा करता येईल अशी ती जागा असावी लागते. उघड्या माळावरच्या टँकरला वकील काय म्हणतील ते वकील जाणोत. वारीतल्या बाईला तिथे अपेक्षा असते आणि आजवर ती आपण पाळत आलो, एवढे मला ठाऊक आहे. शिवाय कायदा नेहमी मागाहून येतो. १८८८ मध्ये ईस्टमन यांनी अमेरिकेत हातात मावणारा कोडॅक कॅमेरा आणला आणि कोणीही कोणाचाही फोटो काढू लागला. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. तो पुढे साऱ्या जगात गाजला. हक्काला नाव मिळाले, पण आधी कॅमेरा आला होता.

कोणी म्हणेल, डोळासुद्धा पाहतोच, आणि मनात ठेवतोच. मग चष्म्याने असे काय वेगळे केले? फरक मोठा आहे. डोळ्याने पाहिलेले पुसट होते, मिसळते, विसरते. कोणी घसरून पडले, कोणी रडले, कोणाचे वस्त्र वाऱ्याने उडाले, ते दहा जणांनी पाहिले आणि महिन्याभरात दहाही जण विसरले. या विसरण्यात दया आहे. आणि डोळ्याने पाहिलेले दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. चष्म्याने पाहिलेले देता येते. चष्म्याच्या यंत्राला काही विचारायचे म्हणून दाखवलेले चित्र तर लगेच परदेशातल्या कंपनीच्या संगणकाकडे जाते, तिथे तिच्या यंत्राला शिकवण्यासाठीही ते वापरले जाऊ शकते. म्हणजे टाळ वाजवणारा शेजारी एकटा पाहत नसतो. त्याच्या खांद्यावरून आणखी कोण पाहते आहे, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

देवळातल्या पाहण्याचा विचार इथे आपोआप येतो. २०२५ च्या जानेवारीत अयोध्येच्या राममंदिराच्या आवारात आणि जुलैत तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात कॅमेरा असलेले चष्मे घालून आलेल्या भाविकांना अडवण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी चष्म्यावर लागलेला दिवा पहारेकऱ्याच्या लक्षात आला होता. त्यांच्या मनात काही पाप असेल असे म्हणायला मला काही आधार नाही. सुरक्षा पाहणाऱ्यांनी सुरक्षेचा विचार केला, तो त्यांचा धर्म. मला प्रश्न पडतो तो दर्शनाचा. पंढरीच्या बारीत माणूस कित्येक तास उभा राहतो, आणि विटेसमोर त्याला मिळतात काही क्षण. मागचा ढकलतो, पुढचा निघत नाही, पुजारी "चला चला" म्हणतो. डोके पायांवर टेकते न टेकते तोच बाहेर. एवढ्यात काय पाहिले, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. म्हणून कोणाला वाटेल की चष्म्याने ते धरून ठेवावे.

अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठात लिंडा हेंकेल या मानसशास्त्राच्या अभ्यासक आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला सांगितल्या. २०१४ मध्ये हा अभ्यास छापून आला. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे विद्यार्थ्यांना कमी आठवले. ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग जवळ ओढून निरखून टिपला, त्यांचे मात्र फारसे बिघडले नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याला सरसकट देता येत नाही. यंत्र ठेवील म्हणून मनाने अंग काढून घेतले की गळती होते. बारीतून बाहेर आलेल्या आजीला मूर्तीच्या कानातली कुंडले सांगता येणार नाहीत, पण पायांचा गारवा तिच्या कपाळाला सहा महिने आठवतो. हा हिशेब कॅमेऱ्याच्या वहीत बसत नाही. आणि दर्शनात आपण एकटेच पाहतो असे कोठे आहे? आपण तिथे जातो ते पाहायला आणि पाहिले जायला. बारीत दहा तास उभे राहणारा माणूस त्या दुसऱ्या गोष्टीसाठी उभा असतो, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे.

महाभारतात या विषयाला धरून एक जागा आहे. युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला दृष्टी द्यायला तयार होतात. तो ती नाकारतो. आप्तांचा संहार मला पाहवणार नाही, पण काय घडते ते ऐकायचे आहे, असे तो म्हणतो. मग संजयाला दृष्टी मिळते. जन्मभर अंध असलेल्या माणसाने मिळणारी दृष्टी नको म्हणावी आणि बातमी मात्र हवी म्हणावी, याचा अर्थ मला अलीकडे नव्याने लागला. पाहिले की काहीतरी करावे लागते. ऐकले, साठवले, पुन्हा लावून पाहिले, तर करण्याचे ओझे राहत नाही. रस्त्यात अपघात झाला की चार जण धावतात आणि चाळीस जण चित्रण करतात, ते धृतराष्ट्राचेच कुळ. फोनवाल्याचे निदान हात अडकलेले असतात. चष्मेवाल्याचे हात मोकळे आहेत, तेव्हा त्याला सबब उरणार नाही.

संजयाच्या दृष्टीला मात्र काम होते आणि मुदत होती. दुर्योधन पडल्यावर ती गेली. अर्जुनालाही विश्वरूप पाहायला वेगळी दृष्टी मिळाली, आणि पाहून झाल्यावर त्यानेच विनवणी केली की देवा, ओळखीच्या रूपात ये. वाढीव डोळा कायम लावून फिरावे असे आपल्या कथांत कोणालाच वाटलेले दिसत नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आमच्याच दिंडीत चाळिशीतले एक जन्मांध वारकरी आहेत. पखवाज उत्तम वाजवतात. चालताना पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. त्या विसाव्याला सगळा गोंधळ मिटल्यावर ते तरुणाला म्हणाले, "जरा मला घालू दे." चष्म्याने त्यांना कानात सांगितले की पुढे पिंपळ आहे, त्याखाली माणसे बसली आहेत, डावीकडे पाण्याचा टँकर आहे. इंग्रजीतून सांगत होता, तरुण मराठी करून देत होता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पिंपळ आहे होय! मघापासून पानं वाजतात, मला वाटलं पाऊस आला."

दृष्टिहीनांसाठी हे यंत्र खेळणे नाही. हान्स यॉर्गन वीबर्ग या डेन्मार्कच्या गृहस्थांची स्वतःची दृष्टी अधू आहे. त्यांनी सुरू केलेली 'बी माय आइज' ही सेवा २०१५ पासून चालते. अंध माणूस फोनचा कॅमेरा समोर धरतो आणि कोठेतरी बसलेला डोळस स्वयंसेवक त्याला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून दाखवतो. २०२४ मध्ये ती सेवा या चष्म्यांतही आली. आपल्या परंपरेतले गुलाबराव महाराज आठवावेत. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, अवघे ३४ वर्षांचे आयुष्य, आणि ग्रंथ शंभराहून अधिक. त्यांना इतरांकडून ग्रंथ वाचून घ्यावे लागत. वाचून दाखवणारा भेटला नाही त्या दिवशी त्यांच्या जिज्ञासेने काय करायचे?

यावर आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, खांद्यावरचा हात सुटला तर वारीतला जिव्हाळा जाईल. ऐकायला हे गोड आहे. मला ते पटत नाही. दुसऱ्याचे परावलंबन टिकवून आपला जिव्हाळा पोसायचा, हा कसला परमार्थ? पखवाजवाल्यांनीच त्यांना उत्तर दिले, "हात मी ठेवीनच की. पण लघवीला जाताना नको." सगळे हसले आणि त्या हसण्यात वाद संपला.

तरीही टँकरचा प्रश्न त्यांच्यासाठी संपत नाही, हे त्यांनीच आधी बोलून दाखवले. त्यांच्या डोळ्यांवरचा कॅमेरा बायकांना पाहणारच, आणि त्यातून कोणी परका स्वयंसेवकही पाहू शकतो. त्यांना दिसत नाही म्हणून बायकांची लाज कमी होत नाही. म्हणजे चांगले काम आहे एवढ्याने परवानगी पुरी होत नाही, काम कुठे थांबते तेही ठरवावे लागते.

तरुणाने त्या दिवसापासून चष्मा पिशवीत घातला. पण त्याला चार नंबर, साधा चष्मा जवळ नाही. पुढचे दोन मुक्काम बिचारा धूसर डोळ्यांनी चालला, एकदा चरात पाय गेला. अकलूजला त्याने नंबरच्या काचांचा साधा चष्मा करून घेतला. हा चष्मा घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे असे काही असेल तर ते एवढे तरी आहेच: काढून ठेवता येईल अशी सोय आधी करावी. जो काढता येत नाही त्याच्यावर मर्यादा घालण्याचे बोलणे फुकट आहे.

त्यानंतर दिंडीत जे ठरले ते चारचौघांना सुचेल असेच आहे. असा चष्मा आणणाऱ्याने प्रस्थानालाच विणेकऱ्यांना आणि बायकांच्या पंगतीतल्या वडीलधाऱ्या माउलींना ते सांगावे, हातात देऊन दाखवावे. दिवा कुठे लागतो तेही दाखवावे. वाटेने चालताना घालायला हरकत नाही, विसाव्याला आणि मुक्कामाला पिशवीत. कोणाचे तोंड टिपायचे तर आधी "माउली, काढू का?" असे विचारावे, आणि नाही म्हटले तर पाया पडून पुढे जावे. फोनलाही हाच नियम लावा, असे बायकांनी सुचवले, तेव्हा काही पुरुषांचे चेहरे पडले. गेल्या काही वर्षांत रील करणाऱ्यांनी वारीत जो धुमाकूळ घातला आहे, त्यात आपल्याच दिंड्यांतली पोरे कमी नाहीत. तो नियमही झाला.

पखवाजवाल्यांसाठी संस्थेच्या ओळखीने असा चष्मा मिळवायचे चालले आहे. मराठीत नीट बोलेल तर बरे, असे त्यांचे म्हणणे आहे. दिवसा चालताना ते तो घालतील. मुक्कामी उतरल्यावर तो कोणाकडे ठेवायचा, हे मात्र अजून ठरलेले नाही. विणेकऱ्यांनी नाव सुचवले ते त्या टँकरवाल्या माउलींचे. त्या म्हणतात, "मला तो बंद झाला का नाही, ते कळायला शिकवा. मग ठेवते." चैत्री वारीला बैठक आहे, तेव्हा तो तरुण त्यांना शिकवायला येणार आहे.